पंपघरापर्यंत

एक जानेवारीला सकाळी साडेसातला न चुकता वाजणारा फोन त्या वर्षी वाजला नाही.

थोरलीनं फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आणून ठेवला, त्याचा आवाज पूर्ण वाढवला आणि चहा दुसऱ्यांदा गरम केला. नवरा टेबलाशी पेपर वाचत बसला होता. तो म्हणाला, "अगं, ती कशी करणार फोन? धड बोलता तरी येतंय का तिला?" आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येताच त्यानं पेपर तोंडासमोर धरला.

थोरलीच्या धाकट्या बहिणीला घरात आणि गावातही सगळे बेडकीच म्हणत. ऑक्टोबरमध्ये ती आपल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात एका मुलीला कंपासपेटी काढून देता देता स्टुलावरून खाली आली. अर्धांगवायूचा झटका होता. उजवा हात, उजवा पाय गेला आणि जीभ इतकी जड झाली, की साधं 'पाणी' म्हणायलाही तिला तीनदा दम घ्यावा लागे. थोरली तेव्हा आठ दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसून आली होती. मग रजा संपली.

बेडकीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता तिची मुलगी दुकान बघत होती आणि आईलाही.

तर तो फोन. दर नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी यायचा, आणि त्यात शुभेच्छा-बिभेच्छा काही नसायच्या. बेडकी एकच विचारायची, "काय ताई, यंदा येतेस ना?"

थोरली म्हणायची, "यंदा बघते गं."

"बघते नको, ये."

मग दोघी हसायच्या, मुलाबाळांचं विचारायच्या आणि वर्ष सुरू व्हायचं.

यायचं होतं ते तळ्यावर. दोघींचं लहानपण एका मोठ्या तळ्याच्या काठी गेलं होतं. बेडकी सहाव्या वर्षी कुणीही न शिकवता पोहायला लागली, म्हणून ती बेडकी. थोरली मात्र कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभी राहणारी. पलीकडच्या काठावर एक जुनं पंपघर होतं. दगडी भिंत थेट पाण्यात उतरलेली. मधलं अंतर सातशे मीटर. पंपघराला हात लावून आलेल्या पोरांचा शाळेत वेगळाच रुबाब असे. बेडकी मात्र तिथवर अजून गेली नव्हती.

थोरली सासरी जायला निघाली त्याच्या आदल्या दिवशी दोघी धक्क्यावर पाय सोडून बसल्या होत्या. थोरली एकवीस वर्षांची, बेडकी सतराची.

बेडकी म्हणाली, "ताई, तू तिकडे गेलीस ना, की पहिल्यांदा पोहायला शीक. मग आपण दोघी मिळून जाऊ. पंपघरापर्यंत."

"तोवर तू शंभरदा जाऊन येशील."

"नाही जाणार. तू येईपर्यंत एकटी जाणार नाही. शप्पथ."

"बरं बाई, शप्पथ," थोरली म्हणाली. तिच्या डोक्यात तेव्हा नव्या घरी न्यायच्या भांड्यांची यादी चालली होती.

पण शिकायचं तिच्या मनात होतं, अगदी मनापासून होतं. पाण्यात शिरावं, पायाखालची जमीन सुटावी आणि तरी आपण बुडू नये, हे तिला पुढे कितीतरी वर्षं स्वप्नातही दिसायचं. पहिल्या वर्षी लघुलेखनाची परीक्षा होती. ती पास झाली आणि कोर्टात लघुलेखिका म्हणून लागली. मग मुलगा झाला. मग मुलगी. मग सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं आणि पाच वर्षं त्यांचं सगळं अंथरुणात. मग मुलाच्या परीक्षा, मुलीच्या परीक्षा, नवऱ्याची बदली, नवऱ्याचं बदलीवरून परत येणं. ही सगळी कारणं खरी होती. कुणीही ऐकलं असतं तर मान डोलावली असती.

एकच गोष्ट थोरलीला टोचायची. दहा-अकरा वर्षांपूर्वी ती खरोखरच निघाली होती. घराजवळच्या पोहण्याच्या तलावावर नाव नोंदवून झालं होतं, शिकायला सुरुवात करायची म्हणून महिन्याभराची रजा मंजूर होती, शेवटचे चार दिवस तळ्याच्या गावी बेडकीकडे जायचं ठरलं होतं. रजेच्या आदल्या दिवशी साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, तिला आत बोलावलं. मोठ्या खटल्याचा निकाल लिहायचा होता आणि दुसरी लघुलेखिका आजारी पडली होती. साहेब भले माणूस. ते म्हणाले, "बाई, जमत असेल तर बघा. नाहीतर मी दुसरीकडून कुणाला तरी मागवून घेतो."

"नको नको, साहेब, मी आहे ना," थोरली म्हणाली. साहेबांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणाली. बाहेर आल्यावर तिला जाणवलं की आपल्याला वाईट वाटलेलं नाही. सुटल्यासारखं वाटलं आहे. त्या दिवशी तिनं बेडकीला फोनवर सांगितलं की रजा नाकारली. बेडकी म्हणाली, "जळ्ळं मेलं तुझं कोर्ट. असू दे. पुढच्या वर्षी."

फोन न वाजलेल्या त्या सकाळी थोरलीला नेमकं हेच आठवलं. तिनं कपडे बदलले, पर्स घेतली.

"कुठे?" नवऱ्यानं विचारलं.

"पोहायला शिकायला. नाव घालून येते."

नवऱ्यानं पेपर खाली केला. "अठ्ठावन्नाव्या वर्षी? गुडघ्यांना विचारलंस का?"

"त्यांनीच सांगितलंय. म्हणाले, जिने चढण्यापेक्षा ते बरं."

तलाव त्या दिवशी बंद होता. ती दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी पुन्हा गेली.

तिथल्या शिक्षिकेला सगळे शिट्टीबाई म्हणायचे. चाळिशीची, आडव्या अंगाची, तोंडात कायम शिट्टी, आणि शिट्टी काढली की तिच्याहून मोठा आवाज. तिनं थोरलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कशासाठी शिकायचंय? डॉक्टरनं सांगितलं म्हणून की स्वतःची हौस?"

"सातशे मीटर जायचंय. तळ्यात."

शिट्टीबाईनं शिट्टी तोंडातून काढली. "आज आधी तोंड पाण्यात घाला. बाकीचं नंतर."

तोंड पाण्यात घालायला थोरलीला अकरा दिवस लागले. पाणी नाकाशी आलं की हात आपोआप कठडा शोधायचे. शेजारच्या पट्ट्यात सात-आठ वर्षांच्या मुली सूर मारायच्या आणि वर आल्यावर तिच्याकडे कुतूहलानं पाहत राहायच्या. पोहण्याचा पोशाख घेतला तेव्हा दुकानातल्या मुलीनं "नातीसाठी का?" म्हणून विचारलं होतं. ओल्या केसांनी कोर्टात गेल्यावर साहेबांचा शिपाई म्हणायचा, "बाई, छत्री घ्या की हो." बाहेर लख्ख ऊन असायचं.

बाराव्या दिवशी तिनं डोळे मिटले, तोंड आत घातलं आणि आत अजिबात आवाज नाही हे तिला कळलं. दिवसभर साक्षीदारांचं, वकिलांचं, साहेबांचं बोलणं टिपणाऱ्या तिच्या कानांना इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. ती वर आली ती हसत.

त्यानंतर गाडी रुळावर आली. मार्चमध्ये ती फळी धरून पाय मारायला लागली, एप्रिलमध्ये फळी सुटली. एका सकाळी शिट्टीबाई पट्ट्याच्या काठानं तिच्याबरोबर चालत होती, ओरडत होती, "मान खाली! खाली! छत बघायला आलात का?" आणि पट्टा संपला. थोरलीनं भिंत धरली. पंचवीस मीटर. तिनं मागे वळून पाहिलं तर आपण कुठून आलो ते टोक केवढं तरी लांब दिसत होतं.

"बाई, तुम्हाला येतं की हो," शिट्टीबाई म्हणाली. "अंग पाण्याला घाबरत नाही तुमचं. डोकंच घाबरत होतं. आधी का नाही आलात?"

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन थोरली बाकावर बराच वेळ टॉवेल गुंडाळून बसली.

जुलैअखेर ती न थांबता आठशे मीटर पोहत होती. सावकाश, म्हशीसारखी, असं शिट्टीबाई म्हणायची, पण न थांबता. थोरलीनं भाचीला फोन केला.

"ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी येते. तळं पोहून जाणार आहे, पंपघरापर्यंत. तू होडी घेऊन बरोबर राहा. आणि तुझ्या आईला काही सांगू नकोस. नुसतं फिरायला म्हणून धक्क्यावर आण."

"मावशी, आईला आधी विचारलं तर?"

"अगं, विचारायचं काय? बघेल आणि उडेल नुसती."

"तू म्हणशील तसं," भाची म्हणाली.

त्या सात-आठ महिन्यांत थोरली बहिणीला दोनदाच भेटून आली होती. एरवी रविवारी फोन. भाची फोन आईच्या कानाशी धरायची, थोरली बोलायची, पलीकडून "हं... हं" यायचं. तलावाबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. मोठी भेट द्यायची आहे आणि ती आपण पाठीमागे लपवून धरली आहे, अशा आनंदात ती होती.

ऑगस्टच्या त्या रविवारी तळं अगदी स्थिर होतं. भाचीनं खुर्ची ढकलत धक्क्याच्या टोकाशी आणली, चाकांना दगड लावले आणि ती होडीत जाऊन बसली. बेडकीच्या मांडीवर शाल होती, उजवा हात तिच्यावर ठेवून दिल्यासारखा. थोरली झाडामागून पोशाख आणि टोपी घालून आली. पांढरेफटक पाय, डोक्याला पिवळी टोपी. आपण केवढे विनोदी दिसत असू या विचारानं तिलाच हसू फुटलं.

"बेडके! बघ, आले की नाही? यंदा आले!"

बेडकीनं तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. थोरलीला वाटलं, आनंदानं. ती पायऱ्या उतरून पाण्यात शिरली.

तलावातलं पाणी आणि हे पाणी यात फरक होता. खाली निळी फरशी नव्हती, काळोख होता. पहिले शंभर मीटर छाती धडधडत होती. मग हात-पायांना आपली चाल सापडली. होडी डाव्या बाजूनं सरकत होती, वल्ह्यांचा आवाज लयीत येत होता. अर्ध्यावर ती उताणी झाली, आभाळाकडे बघत दोन-चार श्वास घेतले आणि पुन्हा वळली. पंपघराचे दगड मोठे होत गेले. भिंतीवरचं शेवाळ दिसायला लागलं, एक गंजलेली कडी दिसली. आणि तळवा दगडाला लागला. गार, बुळबुळीत दगड. थोरली मोठ्यानं ओरडली. काय ओरडली ते तिलाही आठवत नाही.

"अडतीस मिनिटं, मावशी," होडीतून भाची म्हणाली.

"एवढीच?"

"एवढीच."

दगडाला धरून लोंबकळत असताना तिचा श्वास खाली बसला, आणि त्याबरोबर आणखीही काहीतरी खाली बसत गेलं. अडतीस मिनिटं. कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी याहून जास्त चालते. सासूबाईंना आंघोळ घालायला जवळपास एवढाच वेळ लागायचा. सात-आठ महिने शिकायला आणि अडतीस मिनिटं जायला, बस्स. ती पंचविशीत हे करू शकली असती. पस्तिशीत करू शकली असती. रजा मंजूर असलेल्या त्या वर्षी तर नक्कीच. अवघड असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

होडीत बसून परत येताना तिनं धक्क्याकडे हात हलवला. खुर्चीतून हात हलला नाही. जवळ आल्यावर दिसलं, बेडकीनं मान फिरवून घेतली होती.

"घ... री," ती लेकीला म्हणाली.

दुकानामागच्या खोलीत बेडकीची खाट होती. खिडकीत व्यायामाचा रबरी चेंडू, भिंतीशी न विकलेल्या वह्यांचे गठ्ठे. थोरली ओल्या केसांनी खाटेपाशी स्टूल घेऊन बसली. भाची दारात उभी होती.

बेडकीनंच आधी विचारलं, "किती... वेळ?"

"अडतीस मिनिटं." थोरलीनं हसायचा प्रयत्न केला. "तुला तर वीसच लागत असतील."

बेडकी तिच्याकडे पाहत राहिली. डावा ओठ जरासा वर गेला; ते हसू होतं की काय, कळेना.

"मी... कधी... गेले?"

थोरलीला वाटलं, शब्द चुकला असेल. हल्ली चुकायचे. तिनं भाचीकडे पाहिलं.

"आई पलीकडे कधी गेलीच नाही, मावशी," भाची हळू आवाजात म्हणाली. "रोज सकाळी पोहायची, पण काठाकाठानं. फार तर अर्ध्यापर्यंत जायची आणि वळायची. मी लहानपणी मागे लागायचे, चल ना, पंपघराला हात लावू. तर म्हणायची, ते ताईबरोबर. मी मोठी झाल्यावर एकटीच जाऊन आले."

थोरलीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ती शप्पथ तिला आठवत होती, पण मुलींनी मुलींना घातलेल्या हजार शपथांपैकी एक म्हणून. बेडकी डझनावारी वेळा पलीकडे जाऊन आली असणार, हे ती इतकी वर्षं धरून चालली होती. कधी विचारलंही नव्हतं.

"अगं, जायचं होतंस," ती म्हणाली. "वेडी आहेस का? मी काय रागावले असते?"

"शप... शप्पथ." बेडकीनं दम घेतला. "मग... सव... य झाली. यंदा... येईल. यंदा... येईल."

"बेडके—"

"मला... आधी... का नाही... सांगित... लंस?"

"तुला आनंद होईल वाटलं. अचानक बघून."

"तुला... झाला?"

थोरलीनं आयुष्यभर लोकांच्या खऱ्याखोट्याची अक्षरं उतरवून घेतली होती. नाही म्हणावं असं तिच्या ओठावर आलं. पण बेडकीचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते, आणि एक खोटं तिनं या बहिणीला आधीच सांगितलेलं होतं.

"झाला," ती म्हणाली. "हात लागला तेव्हा झाला. फार झाला. आणि ऐक, त्या वर्षी माझी रजा कुणी नाकारली नव्हती. मीच नाही म्हटलं. मला भीती वाटली."

कितीतरी वेळानं बेडकीनं 'बरं' म्हटल्यासारखी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. भाचीनं येऊन तिच्या पाठीशी उशी सारली. थोरली संध्याकाळच्या बसनं परत आली. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "डोळे का हो एवढे लाल?" थोरली म्हणाली, "पोहून आले, पाणी गेलं." हे खरंही होतं.

घरी नवऱ्यानं दार उघडलं. "झालं का? पोचलीस?" तो खरंच उत्सुक होता. तिनं हो म्हटलं. त्यानं टाळी दिली. तिनंही दिली, आणि मग आत जाऊन ओला पोशाख धुवायला घेतला.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा तळ्याच्या गावी गेली, आणि त्यानंतर जवळजवळ दर शनिवारी. ऑफिसात तिनं पहिल्यांदाच "साहेब, शनिवारचं मला जमणार नाही" असं सांगितलं. साहेब नुसतं "बरं, बाई" म्हणाले. इतकं सोपं होतं. ती बेडकीचे व्यायाम करून घेई, जड हात आपल्या हातात घेऊन वर-खाली करी, चेंडू बोटांत कोंबी. बेडकी कधी बोलायची, कधी नाही. एकदा चेंडू तिनं डाव्या हातानं उचलून थोरलीच्या अंगावर फेकला. थोरलीनं तो उचलून पुन्हा तिच्या उजव्या मुठीत ठेवला. जीभ थोडी सुटत गेली. हाताचं मात्र डॉक्टरांनी आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरं ठरलं.

पोहण्याबद्दल दोघींपैकी कुणी पुन्हा विषय काढला नाही. थोरली तलावावर जात राहिली, पण तळ्यात पुन्हा उतरली नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी बेडकी आपण होऊन म्हणाली, "तळ्यावर... चल." भाची दुकानात होती. थोरलीनं एकटीनं खुर्ची ढकलत नेली. धक्क्याच्या बाजूला जिथे उतार होता, तिथे अगदी पाण्यापर्यंत नेली, चाकं अडवली, आणि खाली बसून बहिणीचे बूट काढले, मोजे काढले. मग तिला काखेत हात घालून पुढे सरकवलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. स्वतः चपला न काढताच शेजारी पाण्यात उभी राहिली, तिला धरून.

बेडकी पाण्याकडे पाहत होती. डावा पाय जरासा हलला, पाणी ढवळलं. उजवा तसाच, पाण्याबरोबर डुलणारा. थोरलीला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. रागाचं का होईना.

"गार... आहे," बेडकी म्हणाली.

"थांबायचं अजून?"

"नको. घरी... चल."

थोरलीनं ओच्यानं तिचे पाय पुसले, एकेक बोट सुटं करून पुसलं, मोजे चढवले आणि खुर्ची वळवली. उतार चढताना खुर्ची जड लागत होती. दोनदा थांबून दम घ्यावा लागला.